परत न आलेल्यांचे डॉक्टर

आमच्या डॉक्टरसाहेबांसमोर बसून "पोटात दुखतंय" असं एकदम सांगायची सोय नव्हती. संगणकाच्या पडद्यावरची नजर न हलवता ते हात वर करायचे. "थांबा. पोट तिसऱ्या पानावर आहे. आधी पत्ता." मग पत्ता, मग वय, मग घरात कुणाला शुगर, कुणाला दमा. तोवर माणूस आपल्या दुखण्याला स्वतःच कंटाळलेला असे. तिसरं पान उघडलं की साहेबांचा चेहरा खुलायचा. "हं, आता दुखू द्या."

ते पान मीच बनवलेलं, म्हणून मला हे ठाऊक.

जबलपुरातल्या गोरखपूर भागाच्या बाजारात माझं दुकान आहे. हॉस्पिटलांना रुग्णांच्या नोंदी संगणकावर ठेवण्याची व्यवस्था मी बसवून देतो. त्याआधी मी सायकलवर शाईच्या बाटल्या लटकवून दुकानोदुकानी प्रिंटर भरत फिरायचो. मला कुणी हात धरून शिकवलं नाही, त्यामुळे मी कुणाचं ऐकून घेत नाही. सौद्यात मला वाकवणारा माणूस या गावात मला एकच भेटला. तो हा. आणि त्याने घासाघीस पैशांवर केलीच नाही.

"भाव कबूल," ते पहिल्याच भेटीत म्हणाले. "क्लिक किती?"

"म्हणजे?"

"एक पेशंट संपवायला मला किती वेळा बटण दाबावं लागेल? कमी करा."

बायका कोथिंबिरीच्या जुडीवर भांडतात तसे ते एकेका क्लिकवर भांडले. हे कशाला, ते कशाला, दोन्ही एका ठिकाणी आणा, धर्म काढा, आडनाव राहू द्या. मीही हटलो नाही. शेवटी आम्ही दोघं घामाघूम झालो आणि त्यांनी चहा मागवला. मला तो माणूस आवडला होता, हे इथेच सांगून टाकतो. पुढे मी जे बोलणार आहे त्यात ते राहून जाईल.

साहेबांचं घराणं दीक्षितपुऱ्यातलं, म्हणजे जुन्या गावातलं. पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर आले, हे ते चहाबरोबर सांगत. माझा बाप कुणाबरोबर आला ते त्यांनी कधी विचारलं नाही. तो भंडाऱ्याहून पॅसेंजरने एकटाच आला आणि फॅक्टरीत लेथवर लागला. साहेब अजून पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायचे. आमच्या तोंडून "करून राहिलो" निघालं की त्यांच्या भुवया किंचित वर जायच्या. मला ते "मशीनवाले" म्हणत. नाव माहीत असून.

डॉक्टरकी हे त्यांचं पोट होतं आणि संशोधन हे व्यसन. दिवसभर जमलेल्या नोंदी संध्याकाळी चाळत बसायचे, आणि त्यातून काही हाताला लागलं की मला फोन. "मशीनवाले, दीक्षितपुऱ्यातल्या लोकांना गोरखपूरपेक्षा गॅसेस जास्त होतात!" मी म्हणायचो, "साहेब, दीक्षितपुऱ्यात तुमच्या ओळखीचे जास्त, म्हणून तिथले जास्त येतात." यावर फोन ठेवला जायचा.

"पुण्या-मुंबईचे लोक संशोधनासाठी उंदीर विकत आणतात," मंडळाच्या गणपतीत त्यांनी भाषण केलं होतं, "मला गरज नाही. माझ्याकडे अख्खं जबलपूर आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्याला काय म्हटलंय ते घरी गेल्यावर कळलं असेल.

त्यांचं आवडतं वाक्य असं: "पेशंट खोटं बोलतो. नातेवाईक त्याच्याहून जास्त खोटं बोलतो. रेकॉर्ड गप्प बसतं. म्हणून माझा विश्वास रेकॉर्डवर." नर्मदेच्या ग्वारीघाटावर आरतीला गेले तरी नावाड्याचा खोकला ऐकून म्हणायचे, "याची नोंद झाली पाहिजे." नावाडी म्हणायचा, "दवाई दे दो साहब, नोंद का क्या करूँगा?" साहेब त्याला औषधही द्यायचे, फुकट. पण आधी पत्ता.

त्यांच्या अभ्यासांमधला सगळ्यात मोठा अभ्यास पायांचा होता. शुगरवाल्यांच्या पायाला जखम झाली की ती भरत नाही, चिघळते, आणि शेवटी पाय कापायची वेळ येते. साहेबांची यावर स्वतःची पद्धत होती. ठराविक ड्रेसिंग, ठराविक गोळ्या आणि कापायची घाई नाही. ही पद्धत किती लागू पडते ते नोंदींवरून सिद्ध करायचं आणि इंदूरच्या मोठ्या परिषदेत मांडायचं, हे त्यांचं स्वप्न. हिशोब सरळ होता. जखम बिघडली तर माणूस परत येणार. परत आला नाही, म्हणजे बरा झाला.

इथेच आमचं पहिलं वाजलं. रुग्ण घरी गेल्यावर पुढे काय झालं, यासाठी मी तीन पर्याय ठेवले होते: परत आला, परत आला नाही, दुसरीकडे गेला. साहेब तिसऱ्यावर थांबले.

"हे काय?"

"कुणी दुसऱ्या डॉक्टरकडे गेला तर."

"माझा पेशंट दुसरीकडे कशाला जाईल?"

"जातात न साहेब लोक. नागपूरला..."

"काढा. एक क्लिक वाचेल."

"राहू द्या, त्याचे वेगळे पैसे नाही लावून राहिलो मी."

"पैशांचा प्रश्न नाही, अपमानाचा आहे. काढा."

मी काढला. त्यांचं हॉस्पिटल, त्यांचा संगणक.

आता जबलपूरच्या बाहेरच्या माणसाला एक गोष्ट सांगावी लागेल. आमच्याकडे दुखणं हाताबाहेर जातंय असं वाटलं की घरचे लोक माणसाला उचलून नागपूरला नेतात. तिथे कुणाची बहीण असते, कुणाचा साडू. आणि नागपूरला जाणारा इथल्या डॉक्टरला कधी सांगून जात नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून. इतकी वर्षं यांनी पाहिलं, आता तोंडावर कसं सांगायचं, असं म्हणत लोक अंधारात गाडी काढतात. परत आल्यावर रस्त्यात डॉक्टर भेटले तर "अच्छा है साहब, आपकी कृपा" म्हणतात. इथल्या प्रत्येक घराला हे ठाऊक आहे. साहेबांना नव्हतं, कारण ते त्यांना कुणी सांगणारच नव्हतं.

अभ्यासासाठी त्यांनी एक गोष्ट मात्र अशी केली की माझा राग आजही तिथे येऊन अडखळतो. जमवलेल्या नोंदींना त्यांनी माझ्याकडून कुलूप लावून घेतलं. कुणालाही आत शिरून आकडा बदलता येऊ नये. स्वतःलाही नाही. "माणसाला मोह होतो, मशीनवाले. निकाल मनासारखा नाही आला तर बोटं शिवशिवतात. परवलीचा शब्द तुमच्याजवळ ठेवा. मी मागितला तरी देऊ नका."

परिषद जवळ आली तसं त्यांनी मला भाषणाची रंगीत तालीम पाहायला बोलावलं. प्रोजेक्टर माझा होता. सोबत दोन सिस्टर आणि त्यांचा एक जुना डॉक्टर मित्र. पडद्यावर हिरव्या ठिपक्यांची रांग आली, परत न आलेल्या म्हणजे बऱ्या झालेल्या रुग्णांची. साहेब खुलून बोलत होते.

"एक उदाहरण पाहा. सत्तरीच्या बाई. पायांतली जाणीव गेलेली. मे महिन्यात ग्वारीघाटाच्या पायऱ्यांवर अनवाणी उभ्या राहिल्या, डावा तळवा भाजला, कळलंदेखील नाही. जखम खोल. दुसरीकडे हा पाय कापला असता. आपण ड्रेसिंग आणि गोळ्या दिल्या. बाई पुन्हा आल्या नाहीत. पूर्ण यश."

ती माझी आई.

तिला त्यांच्याकडे माझ्या बायकोने नेलं होतं. मी तेव्हा कटनीला एका दवाखान्यात काम करून राहिलो होतो. साहेबांनी पाय पाहिला, "भरेल, घाई नको" म्हणाले. पुढच्याच आठवड्यात पायाला वास येऊ लागला, नागपूरहून बहिणीने आरडाओरडा केला आणि आम्ही आईला तिकडे नेलं. तिथे डावा पंजा अर्ध्यातून कापला. उशीर झाला, असं तिथले डॉक्टर म्हणाले. आम्ही साहेबांना काही सांगितलं नाही. जबलपूरचं कुणीच सांगत नाही.

"साहेब, ही बाई बरी नाही झाली," मी म्हणालो.

"तुम्हाला कसं माहीत? आपण नावं काढलेली आहेत. गोपनीयता पाळली आहे."

"नाव काढलं, पण पाय तर तिचाच आहे न! माझी आई आहे ती. अर्धा पंजा कापला तिचा नागपुरात."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. दोघांमध्ये त्यांनी पडदा निवडला.

"रेकॉर्डमध्ये तसं काही नाही."

"रेकॉर्डमध्ये कसं असेल? कुठे लिहायचं ते बटण तुम्हीच काढायला लावलं!"

"आवाज खाली. हे पाहा, मला वाईट वाटलं. खरंच. पण एका रुग्णाने निष्कर्ष बदलत नाही."

"बदलत नाही तर मग बदला न तिची एक ओळ! काय बिघडतं तुमचं?"

जुन्या मित्राने खोकून चहाचं विचारलं. मी प्रोजेक्टरची वायर खेचली, हिरवे ठिपके विझले, आणि मी निघून आलो.

दुसऱ्या दिवशी ओपीडीच्या वेळेला मी आईला घेऊन गेलो. नंबर लावला नाही. बाहेरचे लोक ओरडले, "अरे भैया, लाइन से!" मी वळून असं पाहिलं की रांग आपोआप बाजूला झाली. आत साहेब संगणकाच्या पडद्यामागे होते.

"पत्ता?"

"तुमच्याकडे आहे," आई म्हणाली. तिने काठी भिंतीला टेकवली, स्टूल पुढे ओढला, लुगड्याचा काठ वर घेतला आणि डावा पाय स्टूलवर ठेवला. "हा घ्या."

"आजी, तुम्ही..."

"आजी कोणाले म्हणून राहिले? तुमच्याच बरोबरीची असेन मी."

पुढचं मला न सांगता येण्यासारखं आहे, कारण मी भांडायला गेलो होतो. साहेब उठले. टेबलाला वळसा घालून पुढे आले, आणि आईसमोर खाली, फरशीवर बसले. दोन्ही हातांत तिचा पाय घेतला. अर्ध्यावर तुटलेल्या त्या पंजावरून त्यांनी अंगठा फिरवला, टाच दाबली, घोट्याची नाडी शोधली, डोळे मिटून ती ऐकत राहिले. इतकी वर्षं मी त्या खोलीत जात होतो. त्यांना हात आहेत हे मी त्या दिवशी पाहिलं. ते हात हुशार होते.

"कापलंय मात्र सुरेख," ते म्हणाले.

"तुमचं कौतुक तिकडे पोचवीन," आई म्हणाली.

मग ते जागेवर गेले, आईची नोंद उघडली आणि लिहायला लागले. संगणकाने नकार दिला. अभ्यासाचं कुलूप. ते माझ्याकडे वळले.

"उघडा."

आयुष्यभर मी या क्षणासाठी जगलो असं नाही म्हणणार. पण समोरच्याची गरज माझ्या मुठीत आहे, हे मला लांबूनही कळतं.

"नाही उघडत," मी म्हणालो. "तुम्हीच सांगितलं होतं, मागितला तरी देऊ नका."

"तुमच्याच आईची नोंद दुरुस्त करतोय मी!"

"एकट्या आईसाठी नाही उघडणार. उघडलं तर सगळ्यांसाठी. जेवढे परत नाही आले, तेवढ्यांना फोन लावा. विचारा कुठे गेले. मग देतो."

"परिषद तोंडावर आहे. सगळे उघडले तर अभ्यास उरेल का?"

"ते मला काय ठाऊक? मी मशीनवाला."

"सौदा करताय तुम्ही? माझ्याशी?"

"दुसरं काय येतं मला?"

त्यांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता हाकलतील. आई काठी शोधू लागली. साहेब खूप वेळ तिच्या पायाकडे पाहत राहिले, तो आता लुगड्याखाली गेला होता तरी. मग म्हणाले, "उघडा. फोन मी स्वतः लावेन."

आणि त्यांनी लावले. ओपीडी संपली की ते फोन घेऊन बसायचे, मी शेजारी. मीच अट घातली होती, म्हणून बसावं लागलं. साहेबांना फोनवर पेशंटशी बोलायची सवय नव्हती.

"आपका पैर कैसा है?" ते एखाद्याला विचारायचे.

"कौन बोल रहा है?"

"डॉक्टर."

"कौन से डॉक्टर? नागपुर वाले?"

एका मुलीने शांतपणे सांगितलं, बाबूजी गेले, पाय कापल्यानंतर महिनाभरात. साहेबांनी "माफ़ कीजिए" म्हटलं आणि बराच वेळ फोन कानालाच धरून ठेवला. एक हलवाई ठणठणीत निघाला. साहेबांनी उत्साहाने विचारलं, "गोलियाँ पूरी खाईं?" तो म्हणाला, "झूठ नहीं बोलूँगा साहब, एक भी नहीं. गर्मी करती थीं. पट्टी घरवाली ने बाँधी." ती जखम भरली होती. हे यश कुणाच्या खात्यात टाकायचं ते साहेबांना कळेना. काही जण मात्र खरोखर त्यांच्याच औषधाने बरे झाले होते, रडून आभार मानत होते. साहेबांनी तेही तितक्याच कोऱ्या चेहऱ्याने लिहून घेतलं. एकही आकडा त्यांनी इकडचा तिकडे केला नाही. मी पाहत होतो, मला दिसलं असतं.

हिरवे ठिपके विझत गेले. उरलं ते एवढंच, की साहेबांची पद्धत इतर कुणाच्याही पद्धतीइतकीच चांगली आणि तितकीच वाईट. उलट, थांबण्यामुळे काहींचा पाय जास्त वर कापावा लागला.

ते इंदूरला गेले आणि भर सभेत म्हणाले, माझा निष्कर्ष चुकीचा होता, माझी पद्धत वापरू नका. असं म्हणणारा दुसरा डॉक्टर मी पाहिलेला नाही. इथपर्यंत मी त्यांना नमस्कार केला असता.

पण त्यांनी पुढे आणखी एक वाक्य जोडलं. "आमच्या सॉफ्टवेअरमध्ये रुग्ण दुसरीकडे गेल्याची नोंद करण्याची सोयच नव्हती."

महिनाभरात ते वाक्य जबलपूरला पोचलं. मी एका नर्सिंग होममध्ये बोलणी करायला गेलो, तर मालक म्हणाला, "अच्छा, आप! वो पैर वाले मामले में आप ही की मशीन में गड़बड़ थी न?" मी तिथून उठलो तो थेट साहेबांच्या खोलीत.

"सोय नव्हती म्हणालात?"

"नव्हतीच."

"होती! तुम्ही काढायला लावली!"

"म्हणजे नव्हती." ते शांत होते. "मी खोटं काय बोललो?"

"अर्धं बोललात! कुणी काढली ते सांगा न सभेत!"

"मशीनवाले, मी त्या सभेत माझं पंधरा वर्षांचं काम स्वतःच्या हाताने पुरलं. त्यानंतर तुमचं बटण माझ्या लक्षात राहिलं नाही. राहायला हवं होतं." आणि त्यांनी पडद्याकडे तोंड केलं. "ते बटण परत बसवा. नाव 'नागपूर'च ठेवा."

मी बसवलं. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांशी बोलत नाही. मशीन अडली की सिस्टर फोन करते, "सर बोल रहे हैं, धीमी चल रही है." मी म्हणतो, "सर को बोलो, भेजता हूँ." आणि गावात अजून माझ्या पाठीमागे बोटं दाखवतात. ज्या माणसाने स्वतःची चूक हजार लोकांपुढे कबूल केली, त्याला माझ्यासाठी आणखी एक ओळ बोलता आली नाही. हे मी विसरणार नाही.

परवा आईच्या उजव्या टाचेला चीर पडली. मी गाडी काढली.

"चल, नागपूर."

"काहून?"

"त्या माणसाच्या दारात मी पाय ठेवणार नाही."

"तू नको ठेवू. मी ठेवते, मलेच दाखवायचा आहे."

"आई, त्यानेच तुझा..."

"माहीत आहे मले. गाडी वळव."

तिला आत सोडून मी बाहेर बाकावर बसलो. दार अर्धवट उघडं होतं. उजवी टाच पाहून झाली, मलम सांगून झालं. मग साहेबांनी विचारलं, "रात्री झोप लागते?"

"नाही लागत."

"का?"

"अंगठ्याला खाज सुटते."

"उजव्या?"

"डाव्या. कापून टाकला, त्याला."

मी बाकावर ताठ झालो. घरी मी रोज विचारतो, कशी आहेस, आणि ती रोज म्हणते, बरी आहे.

साहेब हसले नाहीत. "कधीपासून?"

"कापला तेव्हापासून."

"घरी सांगितलंत?"

"कोणाले सांगू? पाय गेला म्हणून पोरगा आधीच गावभर भांडून राहिला. त्यात अंगठा खाजवते म्हटलं तर काय करील तो?"

आत खुर्ची सरकली, आणि साहेबांचा आवाज जमिनीजवळून आला, म्हणजे ते पुन्हा खाली बसले असणार. "सांगा. कशी सुटते खाज?"

आई सांगू लागली. खूप वेळ सांगत होती. मी कान देऊन ऐकत होतो, उठून आत जाऊन भांडता येईल असं एखादं वाक्य येईल म्हणून. ते आलं नाही.